राष्ट्राध्यक्षांच्या भानगडी आणि बातम्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एखादं नवं प्रकरण उपटलं की वाचकांकडून तेच ते प्रश्न येतात: हे आधी का नाही छापलं, आता का छापलं, आणि अमुक चॅनेलवर याबद्दल चकार शब्द कसा नाही? ते प्रश्न आणि उत्तरं इथे एकत्र लावली आहेत. भर अमेरिकेवर आहे, कारण तिथले राष्ट्राध्यक्ष आणि तिथली वर्तमानपत्रं यांच्यातली झटापट दोनशेहून जास्त वर्षांची आहे आणि ती कागदोपत्री सापडते. गरज पडली तिथे फ्रान्स, पेरू आणि आपली दिल्लीही येते.

१. माध्यमं "प्रकरण बाहेर काढतात" म्हणजे नेमकं काय करतात?

बहुतेक वेळा माहिती आधीच कुणाच्या तरी फायलीत पडलेली असते. पोलिसांच्या, तपास यंत्रणेच्या, बँकेच्या, नाहीतर एखाद्या दुखावलेल्या सहकाऱ्याच्या कपाटात. बातमीदार ती मिळवतो, दुसऱ्या बाजूने पडताळतो आणि छापतो. वाचकाला वाटतं की काम झालं. खरं तर बातमीचं नशीब यानंतर ठरतं. दुसऱ्या दिवशी स्पर्धक वर्तमानपत्र ती उचलतं का? विरोधी पक्ष चौकशी लावतो का? एखादा न्यायाधीश कागद मागवतो का? यातलं काहीच झालं नाही तर छापून आलेली बातमीसुद्धा आठवड्याभरात रद्दीत जाते.

आमचं मत असं, की राष्ट्राध्यक्षांच्या बातम्या दाबल्या जातात त्याहून कितीतरी जास्त वेळा त्या एकट्या पडतात. दाबल्याची उदाहरणंही आहेत, ती प्रश्न ४ मध्ये दिली आहेत.

२. वॉटरगेट दोन बातमीदारांनी उघडकीला आणलं आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन गेले, असंच ना?

अर्धंच खरं. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट संकुलात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जण पकडले गेले. दुसऱ्या दिवशी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये आलेल्या पहिल्या बातमीवर बायलाइन, म्हणजे बातमीदाराचं नाव, होतं आल्फ्रेड लुईस यांचं. पोलिसांत चांगली ऊठबस असलेले हे जुनेजाणते क्राइम रिपोर्टर. बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन हे शहर डेस्कवरचे तरुण. व्हाइट हाउस सांभाळणारी ज्येष्ठ मंडळी वेगळी होती. घरफोडीची बातमी म्हणून ती शहर डेस्ककडे आली आणि तिथेच राहिली, हे तिचं भाग्य. रोज राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्यासमोर बसणाऱ्यांनी ती इतकी ताणली असती असं आम्हाला वाटत नाही.

१ ऑगस्ट १९७२ ची बातमी जवळून पाहण्यासारखी आहे. २५,००० डॉलरचा एक चेक. तो निक्सन यांच्या निवडणूक निधीसाठी आलेला, आणि जमा कुठे झालेला? पकडलेल्या पाचांपैकी एकाच्या मायामीकडच्या बँक खात्यात. या बातमीचा जीव म्हणजे तो चेक. कुणी कुणावर आरोप करण्याची गरजच उरली नव्हती. पक्षाचा पैसा घरफोड्याच्या खात्यात कसा गेला, एवढं एकच वाक्य कुणीतरी समजावून सांगायचं होतं, आणि ते कुणालाच जमेना.

तरीही निक्सन त्या चेकमुळे गेले नाहीत. न्यायाधीश जॉन सिरिका आरोपींवर कडक राहिले. मार्च १९७३ मध्ये जेम्स मॅकॉर्ड या आरोपीने त्यांना पत्र लिहिलं, की खोट्या साक्षी झाल्या आहेत आणि गप्प राहण्यासाठी दबाव होता. मे महिन्यात सिनेट समितीची सुनावणी टीव्हीवर सुरू झाली. १६ जुलैला अलेक्झांडर बटरफील्ड यांनी सांगून टाकलं की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात सगळं बोलणं टेप होतं. २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी त्या टेप द्यायला लावल्या, आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. 'पोस्ट'ने पहिले आठ-नऊ महिने प्रकरण विझू दिलं नाही, हे त्यांचं श्रेय. तेही काही थोडंथोडकं नाही.

३. निवडणुकीआधी एवढं छापून आलं होतं, तरी निक्सन ४९ राज्यांत कसे जिंकले?

कारण बाकीच्यांनी ते उचललं नाही. प्रवक्ते रॉन झीग्लर यांनी प्रकरणाची बोळवण "तिसऱ्या दर्जाची घरफोडी" अशी केली होती, आणि देशभरच्या बहुतेक संपादकांना ते पटलं. काही अपवाद होते. 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने ऑक्टोबरमध्ये, हेरगिरीत सामील असलेल्या एका माणसाची मुलाखत छापली. सीबीएस वाहिनीवर वॉल्टर क्रॉन्काइट यांनी २७ ऑक्टोबरला वॉटरगेटला सलग सुमारे १४ मिनिटं दिली. अर्ध्या तासाच्या, तेही जाहिराती धरून, बातमीपत्रात १४ मिनिटं म्हणजे निम्म्याहून जास्त बातम्या. त्यानंतर व्हाइट हाउसमधून वाहिनीच्या मालकांना फोन गेला आणि दुसरा भाग छाटून दाखवला गेला.

टीव्हीला चित्र लागतं आणि वॉटरगेटमध्ये तोवर चित्रच नव्हतं, ही अडचणही खरी. सुनावणी सुरू झाल्यावर चित्र मिळालं, आणि मग वाहिन्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मतदान ७ नोव्हेंबर १९७२ ला, सुनावणी १७ मे १९७३ पासून. मधल्या सहा महिन्यांचा हिशेब कोण देणार?

४. मग बातम्या खरोखर दाबतं कोण? सरकार की मालक?

दोघंही, पण मालकांचं कमी लक्षात येतं. तीन उदाहरणं देतो.

१९२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचे मंत्री आल्बर्ट फॉल यांनी टीपॉट डोम इथला सरकारी तेलसाठा हॅरी सिंक्लेअर या तेलवाल्याला परस्पर भाड्याने दिला. 'डेन्व्हर पोस्ट'ने त्यावर झोड उठवली. मग एकाएकी बातम्या थांबल्या. पुढे कळलं की मालकांचा सिंक्लेअरशी पैशांचा सौदा झाला होता. १९२४ मध्ये मालक बॉनफिल्स यांना सिनेटच्या समितीसमोर त्याबद्दल उत्तरं द्यावी लागली. म्हणजे आधीचा हल्लाही वाचकांसाठी होता की भाव वाढवण्यासाठी, हा प्रश्न उरतोच. फॉल मात्र तुरुंगात गेले.

दुसरं पेरूचं. अध्यक्ष फुजिमोरी यांचे गुप्तचर प्रमुख मॉन्तेसिनोस टीव्ही वाहिन्यांच्या मालकांना रोख पैसे द्यायचे आणि त्या व्यवहाराचं स्वतःच चित्रण करून ठेवायचे. नोटांच्या थप्प्या टेबलावर, समोर वाहिनीचा मालक. न्यायाधीश आणि खासदार यांना जे मिळायचं त्याच्या कितीतरी पट रक्कम टीव्हीवर खर्च व्हायची. याचा अर्थ सरळ आहे: न्यायाधीश विकत घेऊनही लोकांना कळलं तर उपयोग शून्य. १४ सप्टेंबर २००० ला एका खासदाराला लाच देतानाची अशीच टेप 'कॅनाल एन' या छोट्या केबल वाहिनीने दाखवली, आणि नोव्हेंबरमध्ये फुजिमोरी यांनी टोकियोहून फॅक्सने राजीनामा पाठवला.

तिसरा प्रकार नवा: बातमी विकत घ्यायची आणि छापायचीच नाही. २०१६ मध्ये 'नॅशनल एन्क्वायरर'च्या कंपनीने ट्रम्प यांच्याशी संबंध असल्याचं सांगणाऱ्या एका माजी मॉडेलला १,५०,००० डॉलर देऊन तिच्या कहाणीचे हक्क घेतले आणि ती कुलपात ठेवली. हे 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने मतदानाच्या चार दिवस आधी छापलं. काय झालं असेल? बातमी एकटी पडली. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड पेकर यांनी हे सगळं न्यायालयात शपथेवर सांगितलं, तेव्हा ती जगभर पहिल्या पानावर होती.

५. राष्ट्राध्यक्ष केनेडींची बाहेरची प्रकरणं ठाऊक असून पत्रकार गप्प का बसले?

त्या काळच्या संकेतामुळे. माणूस काम नीट करतोय ना, मग रात्रीचं आपल्याला काय करायचंय, असा हिशेब होता. बातमीदारही जवळजवळ सगळे पुरुष, एकाच विमानात फिरणारे, एकाच पार्टीत पिणारे. वॉटरगेट काळात 'पोस्ट'चे संपादक असलेले बेन ब्रॅडली हेच केनेडींचे घरोब्याचे मित्र होते.

त्याआधी रूझवेल्ट यांच्या बाबतीत संकेत आणखी घट्ट. पोलिओमुळे त्यांना चाकाच्या खुर्चीशिवाय फिरता येत नव्हतं, पण त्या खुर्चीतले त्यांचे फोटो बोटांवर मोजण्याइतके आहेत. कुणी काढायला गेलाच तर सुरक्षारक्षक आणि कधी इतर फोटोग्राफरच आडवे यायचे.

केनेडींचं प्रकरण १९७५ च्या अखेरीस फुटलं. गुप्तचर संस्थांची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीच्या अहवालात त्यांच्या एका मैत्रिणीचा, नाव न घेता, उल्लेख आला. या बाईची माफिया म्होरक्याशीही ओळख होती. इथे "खासगी आयुष्य" ही सबब संपते: राष्ट्राध्यक्ष आणि माफिया यांच्यात एक समान ओळख असणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि तो ज्यांच्या नजरेसमोर होता त्यांनी विचारलाच नाही. खासगी आणि सार्वजनिक यांची रेघ फ्रान्समध्ये कशी ओढतात ते प्रश्न १२ मध्ये.

६. आजारपण लपवणं हाही घोटाळाच का?

लपवलेलं आजारपण, होय. यातली आमची सगळ्यात आवडती गोष्ट ग्रोव्हर क्लीव्हलंड यांची आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

१८९३ चा उन्हाळा. अमेरिकेत आर्थिक घबराट, बँका बुडतायत. अशात राष्ट्राध्यक्षांच्या टाळ्याला गाठ निघाली. बातमी फुटली तर बाजार आणखी कोसळेल, शिवाय उपराष्ट्राध्यक्ष चलनाच्या प्रश्नावर नेमके विरुद्ध मताचे. मग १ जुलैला एका मित्राच्या 'ओनायडा' नावाच्या यॉटवर शस्त्रक्रिया झाली. समुद्रात, चालत्या यॉटवर, राष्ट्राध्यक्षांना डोलकाठीला बांधलेल्या खुर्चीत बसवून. वरच्या जबड्याचा डावा भाग आणि काही दात काढले. सगळं तोंडाच्या आतून, त्यामुळे बाहेर व्रण नाही आणि त्यांच्या प्रसिद्ध मिशीलाही धक्का नाही. नंतर रबराचा साचा बसवला आणि बोलणं पूर्ववत झालं. जनतेला सांगितलं, दात दुखत होता आणि संधिवाताने उचल खाल्ली.

२९ ऑगस्टला 'फिलाडेल्फिया प्रेस'मध्ये ई. जे. एडवर्ड्स यांनी हे सगळं छापलं. एका डॉक्टरकडून त्यांना धागा मिळाला होता आणि शस्त्रक्रियेत असलेल्या दंतवैद्याने दुजोराही दिला होता. व्हाइट हाउसने साफ इन्कार केला. इतर वर्तमानपत्रांनी एडवर्ड्सनाच खोटं पाडलं, आणि राष्ट्राध्यक्ष तर समोर धडधाकट भाषणं करत होते. १९१७ मध्ये, क्लीव्हलंड वारल्यानंतर नऊ वर्षांनी, शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकी डॉ. कीन यांनी मासिकात सविस्तर लेख लिहिला. तेव्हा कुठे एडवर्ड्सच्या माथ्यावरचा खोटारडेपणाचा शिक्का पुसला गेला. चोवीस वर्षं! त्यांचे बहुतेक तपशील बरोबर निघाले.

जो बायडन यांच्या वयाबद्दल जून २०२४ च्या सुरुवातीला 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने लांबलचक बातमी दिली, तेव्हाही तिच्यावर सडकून टीका झाली. २७ जूनच्या टीव्हीवरच्या वादसभेत लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि वारं एका रात्रीत फिरलं.

७. इंटरनेट आल्यावर आता काही लपत नाही, बरोबर?

लपत नाही हे बरंचसं खरं. नीट कळतं, हे मात्र त्यातून निघत नाही. जानेवारी १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचं मोनिका लेविन्स्की प्रकरण 'न्यूजवीक'च्या हातात होतं. संपादकांनी ते शनिवारी रोखलं आणि त्याच रात्री मॅट ड्रज यांच्या वेबसाइटने "न्यूजवीकने बातमी रोखली" हीच बातमी फोडली. चार दिवसांत मोठी वर्तमानपत्रं उतरली. त्या धावपळीत 'डॅलस मॉर्निंग न्यूज'ने क्लिंटन यांच्या सुरक्षारक्षकाने काय पाहिलं याची बातमी आपल्या साइटवर टाकली आणि काही तासांत मागेही घेतली. पूर्वी जी बातमी संपादकाच्या टेबलावर दोन दिवस अडली असती ती आता वाचकाच्या डोक्यात बसून मग मागे घेतली जाते.

दाबण्याची नवी जागा म्हणजे समाजमाध्यमं. १४ ऑक्टोबर २०२० ला 'न्यूयॉर्क पोस्ट'ने जो बायडन यांचे पुत्र हंटर यांच्या लॅपटॉपची बातमी दिली आणि ट्विटरने तिची लिंकच शेअर करू दिली नाही. दोन दिवसांत निर्णय फिरवला, तो चुकीचा होता असं कंपनीचे प्रमुख पुढे म्हणाले. त्या बंदीमुळे बातमी दुप्पट गाजली. दीड वर्षाने मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यातल्या काही ईमेलची सत्यता तपासून मान्य केली. तेव्हा त्या खोट्या म्हणणारे आणि त्यावरून वाट्टेल ते निष्कर्ष काढणारे, दोघंही दुसऱ्या विषयावर गेले होते.

८. बातमी एकाच ठिकाणी आली आहे आणि बाकी सगळे गप्प. ती खोटी समजू का?

नाही, आणि खरीही समजू नका. क्लीव्हलंड यांची बातमी एकाच ठिकाणी होती (प्रश्न ६). इराण-कॉन्ट्रा तर बैरूतमधल्या 'अश-शिरा' या साप्ताहिकाने ३ नोव्हेंबर १९८६ ला फोडलं: रेगन सरकार इराणला चोरून शस्त्रं विकतंय. ऑलिव्हर नॉर्थ हा अधिकारी निकाराग्वातल्या 'कॉन्ट्रा' बंडखोरांना मदत पोचवतोय, हे एपी या वृत्तसंस्थेचे बातमीदार १९८५ पासून लिहीत होते आणि त्यांच्याकडे फारसं कुणी ढुंकून पाहत नव्हतं. ५ ऑक्टोबर १९८६ ला मदतीचं विमान निकाराग्वात पाडलं गेलं आणि त्यातला एक अमेरिकी जिवंत सापडला. २५ नोव्हेंबरला खुद्द ॲटर्नी जनरलनी पत्रकार परिषदेत कबूल केलं, की एका व्यवहारातला पैसा दुसऱ्यात गेला.

अशा एकाकी बातमीत आम्ही आधी पाहतो तो कागद. तारीख, रक्कम, खातं, सही, फोटो असं काही आहे का? मग पाहतो इन्कार कशाचा केलाय. "हे धादांत खोटं आहे" आणि "या बातमीत तथ्य नाही असं आमचं मत आहे" यात बराच फरक असतो. आणि महिन्याभराने पुन्हा शोधून पाहतो, कारण खऱ्या बातमीला सहसा दुसरं टोक फुटतं.

९. "नाव न सांगण्याच्या अटीवर" सांगणाऱ्यांवर किती विश्वास ठेवायचा?

सूत्रापेक्षा, त्याच्या आधारावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. वुडवर्ड यांचं गाजलेलं निनावी सूत्र म्हणजे एफबीआयचे क्रमांक दोनचे अधिकारी मार्क फेल्ट. हे २००५ मध्ये त्यांनी स्वतः जाहीर केलं. म्हणजे माहिती पक्क्या जागेची होती. तरीही २५ ऑक्टोबर १९७२ ला 'पोस्ट' घसरला: गुप्त निधीवर निक्सन यांच्या कार्यालयप्रमुखाचं नियंत्रण होतं, हे एका माणसाने ग्रँड ज्युरीला (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला) सांगितलं, असं छापलं. नियंत्रण होतं हे खरं निघालं, पण त्या माणसाने ते ग्रँड ज्युरीला सांगितलं नव्हतं. व्हाइट हाउसने त्या एका चुकीवरून सगळी मालिकाच खोटी ठरवायचा प्रयत्न केला, आणि काही काळ तो जमलाही. झीग्लर यांनी १ मे १९७३ ला 'पोस्ट'ची जाहीर माफी मागितली, ती बड्या सहकाऱ्यांचे राजीनामे पडल्याच्या दुसऱ्या दिवशी.

उलट टोकाचं उदाहरण जानेवारी २०१७ चं. ट्रम्प यांच्या रशियाशी संबंधांबद्दलची एक न पडताळलेली टिपणवही 'बझफीड'ने जशीच्या तशी प्रसिद्ध केली. त्यातलं बरंच पुढे सिद्ध झालं नाही. आमच्या मते ते न छापणारे संपादक बरोबर होते.

१०. ट्रम्प यांच्याबद्दल इतकं छापून आलं, तरी काही चिकटलं कसं नाही?

७ ऑक्टोबर २०१६ ची दुपार घ्या. रशिया निवडणुकीत ढवळाढवळ करतोय, असं अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी अधिकृतपणे जाहीर केलं. अर्ध्या तासात 'वॉशिंग्टन पोस्ट'ने ट्रम्प यांची बायकांबद्दलच्या अश्लील बढायांची टेप दाखवली. त्यानंतर अर्ध्या तासात विकिलीक्सने हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाचे ईमेल सोडायला सुरुवात केली. एरवी यातली एकेक गोष्ट आठवडाभर चालली असती. रशियाची बातमी त्या संध्याकाळीच मागच्या पानांवर गेली.

एक बातमी मेली ती दुसऱ्या बातमीखाली. असं वर्षानुवर्षं रोज झालं की वाचक थकतो आणि संपादकही. ३० मे २०२४ ला हिशेबाच्या खोट्या नोंदींबद्दल ३४ आरोपांवर ट्रम्प दोषी ठरले, आणि नोव्हेंबरमध्ये निवडूनही आले. याला फक्त माध्यमं जबाबदार आहेत असं आम्ही म्हणणार नाही. लोकांना माहीत होतं, त्यांनी दुसऱ्या गोष्टींना जास्त वजन दिलं. माहिती देणं हे बातमीदाराचं काम. मत बदललं नाही म्हणून बातमी फसली असं होत नाही.

११. राष्ट्राध्यक्ष वर्तमानपत्रांना कोर्टात खेचू शकतात का?

खेचू शकतात, जिंकणं अवघड. १९६४ च्या सुलिव्हन खटल्यापासून अमेरिकेत सार्वजनिक पदावरच्या माणसाला दाखवून द्यावं लागतं, की छापणाऱ्याला खोटं आहे हे ठाऊक होतं किंवा त्याने खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही. एवढं संरक्षण असूनही डिसेंबर २०२४ मध्ये एबीसी वाहिनीने १.५ कोटी डॉलर आणि जुलै २०२५ मध्ये सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटने १.६ कोटी डॉलर देऊन ट्रम्प यांच्याशी तडजोड केली. पॅरामाउंटचं तेव्हा मोठं विलीनीकरण सरकारी मंजुरीसाठी अडलेलं होतं. त्याच महिन्यात मंजुरी मिळाली.

ही युक्ती जुनी आहे. निक्सन टेपवर बोलताना सापडतात, की 'पोस्ट'च्या टीव्ही परवान्यांना त्रास होईल. आणि 'पोस्ट'च्या फ्लोरिडातल्या टीव्ही केंद्रांच्या परवान्यांना खरोखर आव्हानं दिली गेली. ज्या मालकाचा धंदा फक्त वर्तमानपत्राचा, त्याला पकडायला जागा कमी असतात.

१२. फ्रान्समध्ये म्हणे सगळं माहीत असतं आणि कुणी छापत नाही?

बायकामुलांचं छापत नसत, पैशांचं छापतात. राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना विवाहबाह्य मुलगी आहे हे पॅरिसच्या पत्रकारांना वर्षानुवर्षं माहीत होतं. फोटो आले १९९४ मध्ये, 'पारी मॅच'मध्ये, आणि टीका झाली ती छापणाऱ्यावर. फ्रेंच कायदाही खासगी आयुष्याच्या बाजूने कडक आहे. पण त्याच मितराँ यांनी १९८१ पासूनचा कर्करोग खोट्या आरोग्यपत्रकांआड लपवला, आणि मुलीचं गुपित टिकवण्यासाठी पत्रकारांचे फोनही चोरून ऐकले गेले. खासगी गोष्ट सांभाळायला सरकारी यंत्रणा लागली की ती खासगी कसली?

पैशांच्या बाबतीत 'ल कानार आन्शेने' हे साप्ताहिक कुणाचीच भीड ठेवत नाही. बोकासा या आफ्रिकी हुकूमशहाने मितराँ यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जिस्कार यांना हिरे भेट दिल्याचं त्यांनी १९७९ मध्ये छापलं. १९८१ ला जिस्कार हरले. 'कानार' जाहिराती घेत नाही. प्रश्न ४ आणि ११ वाचल्यावर याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

१३. राष्ट्रीय सुरक्षेसाठी बातमी थांबवली तर?

कधी योग्य, पण ठरवतो कोण ते पाहा. सरकार न्यायालयाच्या परवानगीशिवाय नागरिकांचे फोन ऐकतंय, ही बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'कडे २००४ च्या निवडणुकीआधी होती. बुश सरकारच्या विनंतीवरून ती थांबवली आणि १६ डिसेंबर २००५ ला छापली. मधल्या काळात बुश पुन्हा निवडून आले होते.

बातमीदाराने स्वतःच थांबवल्याचंही उदाहरण आहे. करोना फ्लूपेक्षा घातक आहे, असं ट्रम्प यांनी ७ फेब्रुवारी २०२० ला वुडवर्ड यांना फोनवर सांगितलं. लोकांना ते सप्टेंबरमध्ये, वुडवर्ड यांचं पुस्तक येताना कळलं. वुडवर्ड यांचं म्हणणं असं, की ट्रम्प यांची माहिती खरी आहे का हे तपासायला वेळ लागला. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही.

१४. आपल्या राष्ट्रपतींबद्दल असं काही का वाचायला मिळत नाही?

त्यांच्या हातात तिजोरीही नाही आणि फौजफाटाही नाही. ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. शिवाय घटनेच्या ३६१ व्या कलमानुसार पदावर असताना त्यांच्यावर फौजदारी खटला चालत नाही, त्यामुळे प्रश्न १ मध्ये म्हटलेली न्यायालयाची साथ मिळत नाही. त्यांच्यावरची सगळ्यात बोचरी टिप्पणी एका व्यंगचित्रात आहे: १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणीची सेन्सॉरशिप चालू असताना, 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम यांनी फक्रुद्दीन अली अहमद यांना आंघोळीच्या टबातून वटहुकमावर सही करताना दाखवलं. सेन्सॉरच्या काळात ते छापलं कसं गेलं याचं अजून नवल वाटतं.

महाराष्ट्राला जवळची गोष्ट प्रतिभाताई पाटील यांची. २०१२ मध्ये पुण्यात खडकीला लष्कराच्या जमिनीवर त्यांच्या निवृत्तीनंतरच्या बंगल्याचं काम निघालं. माजी सैनिकांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांनी धरून ठेवलं आणि ताईंनी ती जागा नाकारली. त्याच वर्षी त्यांच्या परदेश दौऱ्यांवरचा २०५ कोटींचा खर्च माहितीच्या अधिकारात बाहेर आला. दोन्ही वेळा कागद हातात होता, म्हणून बातमी टिकली.

१५. अमेरिकेतली अशी बातमी मराठी पेपरात उशिरा आणि त्रोटक का येते?

उशीर घड्याळामुळे. निक्सन यांनी राजीनाम्याचं भाषण केलं तेव्हा तिथे ८ ऑगस्टच्या रात्रीचे नऊ वाजले होते आणि आपल्याकडे ९ तारखेची सकाळ, साडेसहा. आपले अंक तोवर छापून वाटायलाही निघालेले असतात. त्रोटक यासाठी, की परदेशाची बातमी येते एजन्सीकडून, आणि रात्री अकराला पान सोडायच्या घाईत असलेला उपसंपादक तिचे पहिले चार परिच्छेद ठेवतो. इन्कार बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात असतो आणि पुरावा आठव्या-नवव्यात. त्यामुळे मराठीत इन्कार पोचतो, पुरावा कापला जातो. कुणाचा डाव नाही, पण परिणाम तोच. वेबसाइटवर ही सबब चालत नाही, तिथे जागा हवी तेवढी आहे.

१६. बातमी देणाऱ्याचा हेतूच वाईट असेल तर?

तरी बातमी तपासावीच लागते. जेम्स कॅलेंडर हा जेफर्सन यांच्या बाजूने लिहिणारा, त्यापायी तुरुंगात गेलेला पत्रकार. जेफर्सन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याने रिचमंडच्या पोस्टमास्तरची नोकरी मागितली, ती मिळाली नाही. १ सप्टेंबर १८०२ ला त्याने छापलं, की जेफर्सन यांना सॅली हेमिंग्ज या त्यांच्याच गुलाम स्त्रीपासून मुलं आहेत. सूडबुद्धी उघड होती, भाषा गलिच्छ होती, आणि १८०४ ला जेफर्सन दणक्यात पुन्हा निवडून आले.

१८७३ मध्ये सॅली यांचे पुत्र मॅडिसन हेमिंग्ज यांनी ओहायोतल्या एका छोट्या वर्तमानपत्राला आपली हकीकत सांगितली: जेफर्सन आपले वडील. त्यांना कुणाकडून पोस्टमास्तरकी नको होती. तरी बहुतेक इतिहासकारांनी तीही सव्वाशे वर्षं बाजूला ठेवली, कारण सांगणारा गुलाम म्हणून जन्मलेला. १९९८ मध्ये डीएनए चाचणीत जेफर्सन घराण्याचा आणि सॅली यांच्या धाकट्या मुलाच्या वंशजाचा दुवा जुळला, आणि २००० मध्ये जेफर्सन यांचं घर सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानने ही मुलं बहुधा त्यांचीच असल्याचं मान्य केलं.